विमानाशिवाय वऱ्हाडात

वैमानिक माणसाने आगगाडीने प्रवास करावा हे लोकांना मुळीच पटत नाही. मी बॅग घेऊन बोरीबंदरला निघालो की गिरगावातले आमचे शेजारी हटकून विचारतात, "काय, आज विमान आजारी का?" या वेळी वऱ्हाडात गेलो तेव्हाही त्यांनी विचारलं. त्यांचं ठीक आहे, ते थट्टा करतात. अकोल्यात मात्र एका माणसाने हाच प्रश्न इतक्या गंभीरपणे विचारला की मला तो हसण्यावारीही नेता येईना.

पण आधी मी का गेलो ते सांगायला हवं. आमची विमान कंपनी लहान आहे. लहान म्हणजे तीन डाकोटा विमानं, लढाईत वापरून मोडीत निघालेली आणि आमच्या मालकांनी पुन्हा उभी केलेली. भरुचासाहेब हे आमचे मालक. वैमानिकाच्या बायकोचं नाव, आईचं दुखणं, आवडती भाजी, सगळं त्यांना पाठ असतं. पुढच्या पावसाळ्यात कंपनी असेल की नाही, हे मात्र त्यांनाही ठाऊक नसतं. मोठमोठ्या कंपन्या सरकारने एकत्र केल्यापासून आमच्यासारख्यांच्या वाट्याला उरलंसुरलं भाडं येतं: कुठे चहाच्या पेट्या, कुठे यंत्रांचे भाग, कुठे लग्नाचं वऱ्हाड.

अशात मला सरकारी कंपनीतून बोलावणं आलं होतं. नोकरी कायमची, म्हातारपणी पेन्शन, पुढेमागे जेट विमानं. फक्त एक गोष्ट होती. विमानात कॅप्टन डावीकडच्या खुर्चीत बसतो आणि त्याचा मदतनीस उजवीकडे. आमच्याकडे मी तिशीतच डावीकडे बसतो. तिकडे मला पुन्हा उजवीकडे बसावं लागणार, आणि यादीत सर्वांच्या खाली. डावीकडे सरकायला सात-आठ वर्षं सहज जाणार. महिनाअखेर काय ते कळवायचं होतं.

माझी पत्नी निर्मला 'तुम्ही ठरवा' एवढंच म्हणाली. नवऱ्याला झोप न येण्यासाठी याहून उत्तम वाक्य नाही.

हे सगळं भरुचासाहेबांना मी सांगितलं नव्हतं, पण त्यांना वास लागला असणार. ते म्हणाले, "वऱ्हाडात जा. तिथली संत्री कलकत्त्याला रेल्वेनं जाता जाता नासतात. विमानानं न्यायची ठरली तर आपल्याला दर हंगामाचं पक्कं काम. अकोल्याची धावपट्टी बघ, बागा बघ, माणसं बघ, नि मला सांग." म्हणजे कंपनीचं भविष्य बघायला त्यांनी मलाच पाठवलं, आणि माझंही त्यातच येत होतं.

अकोला, मंगळवार

सकाळी स्टेशनवर उतरलो. थंडी अशी की टांगेवाल्याने मुंडासं नाकापर्यंत ओढलेलं. धावपट्टी गावाबाहेर, लढाईच्या दिवसांत बांधलेली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधोमध ही लांबलचक पट्टी, आणि तिच्यावर एक म्हैस ऐसपैस बसलेली. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी कधीच गेली होती, नुसता खांब उरला होता. मी मनातल्या मनात भेगा मोजत चाललो होतो, तेवढ्यात पलीकडच्या टोकाला एक ट्रक दिसला. ट्रकभर करंड्या, करंड्यांतून गवत डोकावतंय, आणि पाच-सहा माणसं माना वर करून आभाळाकडे बघत उभी.

मीही वर पाहिलं. एक घार होती.

"कुणाची वाट बघताय?" मी विचारलं.

पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, पन्नाशीचा एक उंच माणूस माझ्याकडे न बघताच म्हणाला, "विमान येऊन राहिलं. मुंबईचे कॅप्टनसायेब आमचे संत्रे घ्याले येऊन राहिले."

"मीच तो."

आता त्याने मान खाली केली. माझ्या बुटांपासून टोपीपर्यंत एकदा बघून घेतलं. मग माझ्या मागे पाहिलं. मागे टांगा होता.

"मंग विमान कुठी हाये?"

"मुंबईला."

"तुमी कशानं आले?"

"आगगाडीनं."

"कावून? विमान बिमार हाये का?"

हे शेंदूरजनाघाटचे पुंडलिकराव, मोठे बागाईतदार. भरुचासाहेबांची नि त्यांची ओळख मुंबईच्या फळबाजारात झाली होती, आणि त्यांनाच साहेबांनी कळवलं होतं की मंगळवारी आमचे कॅप्टन अकोल्याला संत्र्यांसाठी येत आहेत. पुंडलिकरावांनी बाग तोडायला घातली, ट्रक भाड्याने केला, आणि रातोरात इथे येऊन थांबले.

मी जरा चिडूनच म्हणालो, "अहो, मी फक्त बघायला येणार होतो!"

"बघाले?" पुंडलिकराव थक्क झाले. "संत्रे बघाले मानूस मुंबईहून येते का? घ्याले येते."

तोडलेलं फळ झाडावर परत लागत नाही, आणि हा ट्रकभर माल केवळ आमच्या शब्दावर तोडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुकसान भरून देण्याची भाषा मी सुरू केली तर त्यांनी दुपट्टा झटकला. "सोडा न, सायेब. अकोल्यात काय मानसं संत्रे खात नाईत?"

मग आमची वरात बाजारात आली. पुढे ट्रक, मागे टांग्यात मी. अडत्याने विचारलं, "काहो पुंडलिकभाऊ, तुमी तर कलकत्त्याले निंघाले होते!"

"विमान चुकलं," पुंडलिकराव शांतपणे म्हणाले.

सारा बाजार हसला, आणि सगळ्यात मोठ्याने तेच हसले. माल ठीक भावाने गेला. मुंबईत असं झालं असतं तर एव्हाना वकिलाची नोटीस आली असती. इथे मला ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली आणि हुकूम झाला, "चला घरी. बघाले आले न? बघा आता."

अमरावती, त्याच संध्याकाळी

ट्रक अमरावतीत पोचेपर्यंत माझ्या हाडांचा खुळखुळा झाला होता. पुंडलिकरावांचे जावई तिथे शाळामास्तर आहेत, त्यांच्याकडे मुक्काम. गिरगावात पाहुणा आला की आम्ही 'चहा घेणार का?' असं विचारतो आणि उत्तर 'नको' यावं म्हणून मनात प्रार्थना करतो. इथे विचारायची पद्धतच नाही. पाट मांडला, समोर वडाभात आला, त्यावर फोडणीच्या तेलाची धार, सोबत कढी. मी 'पुरे' म्हणालो की ते 'थोडं वाढा' असं ऐकू आल्यासारखं वाढत होते. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मास्तर प्रेमाने म्हणाले, "लागलं का? मंग तूप घ्या न." म्हणजे तिखट कमी करायचा विचार कुणाच्या मनात येत नाही, त्यावर तूप वाढवतात.

जेवताना मास्तरांनी सरळ विचारलं, "सायेब, तुमच्या कंपनीत पेन्शन हाये का?"

"नाही."

"आँ? मंग म्हातारपनी काय करसान?"

पुण्यामुंबईचा माणूस हा प्रश्न माझ्या पाठीमागे विचारतो. मास्तरांनी माझ्या ताटात आणखी एक वडा ठेवत विचारला, त्यामुळे राग यायला सवडच नव्हती. मी म्हणालो, बघू. सासरेजावयांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत माझ्याविषयी खरी काळजी होती, हे मला आजही आठवतं.

मोर्शी, शेंदूरजनाघाट

दुसऱ्या दिवशी निघालो. मोर्शीच्या अलीकडेपर्यंत कापूस, तूर, ज्वारी असं नेहमीचं रान होतं. मग हळूहळू रस्त्याच्या दोन्ही अंगांना गर्द हिरव्या बागा सुरू झाल्या आणि संपेचनात. उत्तरेकडे सातपुड्याच्या निळ्या रांगा. मी या मुलखावरून कितीदा उडालो आहे. वरून तो सतरंजीवर सांडलेल्या मटकीसारखा दिसतो, आणि मला वाटायचं, ही झुडपं असतील. खाली आल्यावर कळलं की त्या प्रत्येक ठिपक्याला बुंधा असतो, बुंध्याला चुना लावलेला असतो, आणि त्याच्याखाली कुणीतरी वाकून आळं करत असतं.

पुंडलिकरावांचं घर बागेच्या तोंडाशीच. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई दारातच उभ्या होत्या. अकोल्याची बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे, पण माझं स्वागत असं झालं: "हेच का थे बिनविमानाचे कॅप्टन? या, बसा. पाय धुवा. उपाशी असान."

दुपारी बागेत रोडगे केले. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. ते खाऊन विमान चालवायला सरकारने बंदी घालावी असा तो प्रकार आहे. जेवणानंतर पुंडलिकराव मला बाग दाखवत हिंडले. आंब्याच्या मोहरावेळी धरलेला बहार नुकता संपत आला होता, त्यातलाच माल अकोल्याला आला होता. मृगाचा बहार अजून हिरवट होता. तो फाल्गुनात पिकेल आणि जास्त गोड असेल, म्हणून विमानाने धाडायचा तो हाच. एका कोपऱ्यात मात्र झाडं वाळून उभी होती. खोडातून डिंक गळतो, आणि मग झाड जातं.

"ही बाग माह्या बापानं लावली होती," ते म्हणाले. "गेली. मंग थ्या बाजूले नवी लावली." नव्या कलमांच्या ओळी कमरेएवढ्या होत्या आणि मधल्या जागेत वांगी-मिरच्या लावल्या होत्या.

"यांना फळ कधी येणार?"

"पाच-सा वर्सं लागन."

"तोवर?"

"तोवर वांगे," पुंडलिकराव म्हणाले.

गुरुवार, बागेत

पुढचा प्रसंग सांगताना आजही माझे कान तापतात.

सकाळी हिशेब नीट जुळला. धावपट्टी विमान उतरण्यासारखी होती, एका फेरीत साधारण एका ट्रकएवढा माल जाईल, दोन तालुक्यांतले बागवाले एकत्र आले तर सगळा फाल्गुन विमान रिकामं राहणार नाही. मी खुशीत होतो. पुंडलिकरावांनी शेजारपाजारचे बागवाले बोलावले. सगळे एका लदबदलेल्या झाडाखाली जमले. अनसूयाबाईंनी झाडाला हळदकुंकू वाहिलं आणि पुंडलिकराव मला म्हणाले, "तोडा, सायेब."

"काय?"

"पयलं फळ. आमच्या इकडं सौदा जमला की पयलं फळ घेनाऱ्यानं सोताच्या हातानं तोडाचं. कच्चं असलं तरी चालते. तोडलं की मंग मागं फिराचं नाई. ना तुमी, ना आमी."

ही रीत साऱ्या वऱ्हाडाची आहे की याच गावाची, मला माहीत नाही. पण ते बोलणं इतकं साधं होतं की मी हात वर केलासुद्धा. फळ हाताला गार लागलं. आणि तिथेच हात थांबला.

कारण तोडणारा मी होतो. भरुचासाहेब नव्हते, कंपनी नव्हती. ही माणसं माझ्या हाताकडे बघत होती, आणि फाल्गुनात मी त्या कंपनीत असेन की नाही, हे मला माहीत नव्हतं. मंगळवारी यांनी एका साध्या निरोपावर ट्रकभर संत्री तोडली होती. आता तर मी देठालाच हात घातला होता.

हात खाली घेतला आणि सगळं सांगून टाकलं. मोठ्या कंपनीचं बोलावणं, उजवीकडची खुर्ची, पेन्शन, महिनाअखेर. एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी घामाघूम झालो नव्हतो, आणि तेही त्या थंडीत.

मग एक म्हातारे बागवाले म्हणाले, "तुमची कंपनी बुडन का?"

"बुडू शकते," मी म्हणालो.

"आन् तुमी गेल्यावर दुसरा कोनी येईन का विमान घेऊन?"

"येईल कदाचित. मला सांगता येणार नाही."

पुंडलिकराव झाडाकडे बघत होते. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "सायेब, तुमी मोठ्या कंपनीतच जा. बायको हाये, उद्या लेकरंबाळं होतीन. आमचे संत्रे रेल्वेनं जातेत न, आजवर गेलेच." मग लोकांकडे वळून, "चला रे, हुरडा खाऊ. कॅप्टनसायेबाले हुरडा दाखवा."

ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा गरम हुरडा, बरोबर लसणाची चटणी. या माणसाने दोनदा माझी अडचण स्वतःच्या अंगावर घेतली होती. मला त्याच्याविषयी इतकं प्रेम वाटलं की रडू यायचं तेवढं राहिलं होतं, आणि मी उगाच चटणी तिखट असल्याचं सांगत डोळे पुसले.

अनसूयाबाई माझ्या पुढ्यात कणसं चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाईले इचारलं का?"

"ती म्हणते, तुम्ही ठरवा."

"थे तर सांगनं झालं. तुमी इचारलं का?"

मी विचार केला. मी निर्मलाला पगार सांगितला होता, पेन्शन सांगितली होती, यादी सांगितली होती. विचारलं काहीच नव्हतं.

"इचारा," त्या म्हणाल्या. "आन् जमलं तर तार करा. 'तोडा' म्हना, इतकंच. तुमच्या नावानं पयलं फळ मी तोडीन. नाई जमलं तर नका करू. आमी समजून घेऊ."

परतीचा प्रवास

चिखलदऱ्याला जायचं मनात होतं, ते राहिलं. बडनेऱ्याला गाडीत बसवायला पुंडलिकराव स्वतः आले आणि एक करंडी माझ्या पायाशी सरकवून, गाडी सुटेपर्यंत मला खिडकीतून बाहेर डोकावू नका म्हणून बजावत राहिले. विमान चालवणाऱ्याला आगगाडीच्या खिडकीची भीती घालणारा हा एकटाच माणूस मला भेटला.

अकोला गेलं, भुसावळ गेलं, मी दोन्ही बाजू मांडत बसलो. मोठ्या कंपनीत उद्याची काळजी नाही. मी कुठल्या वर्षी कुठे बसलेला असेन हे आजच सांगता येईल. लहान कंपनीत मी आज कॅप्टन आहे आणि उद्या कदाचित बेकार. रांगेत उशिरा शिरलो तर आज माझ्या मागे असणारे उद्या माझ्या पुढे असतील. डोकं मोठ्या कंपनीकडे झुकत होतं आणि हाताला मात्र ते गार फळ पुन्हा पुन्हा लागत होतं. मी स्वतःवरच वैतागलो. एका संत्र्यासाठी कुणी पेन्शन सोडतं का?

घरी आल्यावर निर्मलाने करंडी उघडली, गवत बाजूला केलं आणि जमिनीवर बसूनच एक संत्रं सोललं. मी तिला सगळं सांगितलं, म्हशीपासून हुरड्यापर्यंत. मग पहिल्यांदाच विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिने फोड तोंडात टाकली, बी हातावर काढली. "कंपनी बुडली तर काय कराल?"

"मोठ्या कंपनीच्या रांगेत शेवटी उभा राहीन."

"आत्ता गेलात तर कुठे उभे राहाल?"

"शेवटीच."

"मग शेवट काही पळून जात नाही," ती म्हणाली. "वर्षं जातील, ते खरं. पण सात-आठ वर्षं रोज उजवीकडे बसून तुम्ही जे तोंड घेऊन घरी याल, ते मला बघावं लागेल. त्याची पेन्शन मला कोण देणार?"

मी हसलो, पण ती हसली नाही. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तरी मला वाटतं, राहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तारघरात गेलो. भरुचासाहेबांना अजून काही कळवलं नव्हतं, आधी हे करायचं होतं. खिडकीतल्या कारकुनाने मजकूर वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"'तोडा'. एवढंच? काय तोडा?"

"त्यांना कळेल."

"खाली नाव कुणाचं? कंपनीचं?"

मी निर्मलाकडे पाहिलं. तिने पदराआडून एक संत्रं काढून खिडकीच्या कठड्यावर कारकुनासाठी ठेवलं होतं.

"ह्यांचं घाला," ती म्हणाली.